भोयरदादांचं अक्षर

आयरिश राजधानीजवळच्या ॲडम्सटाउनात नव्याने आलेल्या मराठी माणसाला घरातलं हीटिंग कसं लावायचं हे समजायला आठवडा लागायचा, पण भोयरदादांचा नंबर पहिल्याच दिवशी मिळायचा. मला तो विमानतळावर घ्यायला आलेल्या मैत्रिणीने गाडीतच दिला. "कसलाही फॉर्म भरायचा असला तर स्वतः भरत बसू नकोस," ती म्हणाली. मी पुण्याची. मला एखादी गोष्ट येत नाही असं कुणी नुसतं सुचवलं तरी माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, मी इथे मास्टर्स करायला आलेय, बालवाडीत नाही. तिसऱ्या दिवशी मी भोयरदादांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते आणि दादा माझा इमिग्रेशनचा फॉर्म भरत होते.

विलास भोयर, मूळ नागपूरचे. पंचेचाळिशी ओलांडलेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, ही त्यांची नोकरी. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, एक काळं आणि एक निळं. काळं सरकारसाठी, निळं माणसांसाठी. फॉर्म हातात आला की ते तो आधी शेवटच्या पानावरून उलटा वाचत जायचे. "सगळी मेख शेवटी राहते. पहिल्या पानावर नुसतं नावगाव," असं त्यांचं म्हणणं. मग बाही वर सारायची, काळ्या पेनाचं टोपण काढून मागे लावायचं आणि म्हणायचं, "चला. तुम्ही फक्त खाली सही करा, बाकी मी पाहून घेतो."

त्यांचं अक्षर मी आजही कुठेही ओळखीन. सगळी कॅपिटल अक्षरं, प्रत्येक आपापल्या चौकटीत गुमान बसलेलं. सातच्या आकड्याला मधोमध एक आडवी रेघ. शाळेतल्या मास्तरांनी लावलेली सवय, म्हणाले, म्हणजे सात आणि एक यांची कधी गल्लत होत नाही. आणि 'संपर्क' असा रकाना आला की ते काही न विचारता स्वतःचा फोन आणि स्वतःचा ईमेल लिहून मोकळे.

"अहो, माझा नंबर आहे की," मी पहिल्या वेळी म्हटलं होतं.

"तू क्लासमध्ये राहशील, तो क्लार्क फोन करून राहील, मग तू घाबरशील. मी बोलतो ना त्याच्याशी. तू कायले टेन्शन घेऊन राहिली?"

आणि खरंच ते बोलायचे. कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, कुणाच्या बाळाचा पासपोर्ट, कुणाचं ड्रायव्हिंग लायसन्स, सगळ्यांचे फोन दादांना यायचे. आम्हाला ते इतकं सोयीचं होतं की त्यात काही वावगं आहे असं वर्षानुवर्षं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गंमत म्हणजे अख्ख्या ॲडम्सटाउनची लायसन्सं काढून देणाऱ्या या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांचा शिकाऊ परवान्याचा फॉर्म मी त्यांच्या वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, बश्यांखाली पाहिला होता. कोराच्या कोरा.

शनिवार-रविवार त्यांना शिकायला वेळच नसायचा. शनिवारी सकाळी शॉनची बैठक. शॉन हा आमच्या भागाचा नगरसेवक. सत्तरीचा, लोकांत रमणारा, कॉम्प्युटरचा वैरी. दहा वर्षांपूर्वी दादा त्याच्याकडे स्टेशनजवळचा रस्ता ओलांडायला सिग्नल मागायला गेले होते. शॉन म्हणाला, लिहून आण. दादांनी असं काही लिहून नेलं की शॉनने नगरपालिकेकडून आलेलं उत्तर वाचायला त्यांनाच दिलं, मग त्या उत्तराला उत्तर लिहायलाही दिलं. तेव्हापासून शॉनची सगळी पत्रं दादाच लिहायचे. खाली सही शॉनची. शॉनच्या पत्रांत 'काइंडली डू द नीडफुल' यायला लागलं तेव्हा आम्हा भारतीयांना तरी लेखक कोण ते लगेच कळलं. आयरिश लोकांना वाटायचं, शॉन म्हातारपणी फार सभ्य झालाय.

दोन हजार वीसच्या संक्रांतीला आम्ही कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम केला. दाराशी दादांचं टेबल. टेबलावर एका ताटात लाडू आणि दुसऱ्या बाजूला शॉनच्या पक्षाच्या सभासदत्वाचे फॉर्म. "तिळगूळ घ्या आणि इथे सही करा," असा त्यांचा त्या दिवशीचा मंत्र होता. काय आहे, कशासाठी आहे, हे ते प्रत्येकाला नीट सांगत होते. म्हणत होते, इथे राहतो, इथले रस्ते वापरतो, तर इथल्या कारभारात चार डोकी आपली असावीत. सांगणं पटण्यासारखं होतं. आम्ही बावीस जणांनी सह्या केल्या. फॉर्म नंतर दादांनी घरी नेऊन भरले. दुसरं काही होईल असं वाटलंच नव्हतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सार्वत्रिक निवडणुकीत शॉनच्या पक्षाच्या प्रचाराला मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. थंडी, तिरका पाऊस आणि दादांच्या हातात लाकडी उलथणं. मला आधी वाटलं माणूस घरून घाईत निघालाय. पण ते पत्रक टपालाच्या फटीतून आत ढकलायला होतं, कारण दारामागचे कुत्रे बोटं चावतात. कुठल्या घरात कुत्रा, कुठल्या घरात आजारी आई, कुठे मागच्या वेळी गटाराची तक्रार होती, सगळं एका वहीत निळ्या शाईत. हिरवळीवरून कधी जायचं नाही, पायवाटेनेच जायचं. आणि निघताना फाटक लावायचं, नुसतं लोटायचं नाही, कडी बसल्याचा आवाज ऐकायचा. "फाटक उघडं टाकलं तर मत गेलं समज," ते मला बजावायचे.

एका दारात एक म्हातारे गृहस्थ आले. दादांनी त्यांना शॉनने नेमून दिलेलं पाच मिनिटांचं भाषण ऐकवलं. म्हातारबुवांनी दादांकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आर यू द कँडिडेट युअरसेल्फ?"

"नो, नो," दादा हसून म्हणाले, "आयॅम ओन्ली हेल्पिंग."

"पिटी," म्हातारबुवा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढची चार घरं दादा भाषण न देता नुसती पत्रकं आत ढकलत गेले. पाचव्या घराच्या फाटकाची कडी लावता लावता म्हणाले, "रेवती, दहा वर्षं लिहून राहिलो मी. एकदा तरी खाली आपलं नाव पाहिजे ना, बाप्पा." इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला त्यांची थट्टा करायचं सुचलं नाही.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. मास्टर्सनंतर मला नोकरी लागली होती ते बॉल्सब्रिजचं ऑफिस बंद, दादांचंही. दर मंगळवारी दादा मॉरीनचं वाणसामान तिच्या पायरीवर ठेवून यायचे. मॉरीन ही शॉनच्या पक्षाच्या इथल्या शाखेची सेक्रेटरी, पंचाहत्तरीची, एकटी राहणारी. ती खिडकीतून ओरडायची, "यू आर अ सेंट, विल!" विलासचं विल तिनेच केलं होतं. दादा दोन मीटरवरून हात हलवायचे आणि तिच्या फाटकाची कडी लावायचे.

शरद ऋतूत शॉनच्या हृदयाने दगा दिला. मरता मरता वाचला आणि डॉक्टरांनी राजकारण सोडायला लावलं. इथला कायदा असा की नगरसेवकाची जागा मधेच रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाची जागा, तोच आपला माणूस सुचवतो. आणि माणूस कोण, हे शाखेचे सभासद मतं देऊन ठरवतात. शाखेत जेमतेम साठ सभासद, त्यातले बावीस आम्ही. बातमी कळली त्या सकाळी दादा माझ्या बागेच्या कुंपणापाशी आले, मास्क लावलेला, वर डोळे असे चमकत होते की मला वाटलं ताप आहे.

"बावीस आपले," ते म्हणाले. "मॉरीन आणि तिच्या दोन मैत्रिणी. शॉन स्वतः. अजून पाच-सहा मिळाले तर झालं."

समोर उभा होता कोनर, शॉनचा पुतण्या. शाळेत खेळाचा मास्तर, गावातल्या दहा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवणारा. त्याचं पत्रक माझ्याकडेही आलं. वर कोनर, त्याची बायको, जुळ्या मुली आणि एक सोनेरी कुत्रा, सगळे हसत. खाली लिहिलेलं, कोनरचा जन्म याच भागातला, बायकोचा जन्म याच भागातला, मुली याच भागातल्या शाळेत. कुत्र्याचं काही लिहिलं नव्हतं, पण तोही इथलाच दिसत होता. नगरपालिकेत काय करणार, याबद्दल दोन ओळी.

मॉरीनने दादांना फोन करून सांगितलं, तूही एक पान दे, आणि कुटुंबाचा एक छानसा फोटो दे.

इथे दादांचा पाय अडकला. त्यांची बायको मेधा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मुलगी सई आईजवळ. चार वर्षांपूर्वी मेधाला तिथे चांगली जागा मिळाली आणि ती मुलीला घेऊन गेली. दादा म्हणायचे, नोकरीमुळे. आम्हीही म्हणायचो, नोकरीमुळे. लेटरकेनी म्हणजे देशाचं दुसरं टोक, रेल्वे नाही, गाडीशिवाय माणूस तिथे लुळा. दादा महिन्यातून एकदा चार तासांची बस करून जायचे. शॉनची बैठक असली की तेही नाही. आणि आता जिल्ह्याबाहेर जायलाच बंदी होती.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाचे कागद द्यायला गेले होते. माझी इथल्या वास्तव्याची वर्षं भरत आली होती, आणि तो फॉर्म दादांशिवाय भरायचा विचारही मी केला नव्हता. दादा मागच्या बागेत फोनवर होते. फोन स्पीकरवर, कारण त्यांना कानाशी धरून कधी नीट ऐकूच यायचं नाही.

"एकच फोटो, मेधा. तू तिकडे काढ, मी इकडे जोडून घेतो."

"काय जोडणार विलास? आपण एका फोटोत शेवटचे कधी होतो?"

मग मागून सईचा आवाज आला, पक्का तिकडच्या, डोनेगल जिल्ह्यातल्या पोरींसारखा. "बाबा, जस्ट यूज द ओल्ड वन. बट टेल देम आयॅम ट्वेल्व्ह, ओके? आयॅम नॉट सिक्स."

त्यांनी जुनाच फोटो दिला. त्यात सई सहा वर्षांची, समोरचे दात पडलेले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता ते बोलत राहिले. मेधा चार वर्षं म्हणतेय, ये इकडे. मी म्हटलं, शॉन थकला आहे, दोन वर्षं थांब. मग म्हटलं, अजून दोन. इथला पत्ता सोडला तर इथली जागा कोण देईल? "आता हे नाही मिळालं," दादा म्हणाले, "तर मी चार वर्षं कायसाठी थांबलो होतो इथे? तूच सांग. पोरीला काय सांगू मी?"

मी माझे कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि निघाले.

फोटो गेला आणि प्रश्न सुरू झाले. कोनरच्या माणसांनी वाईट काही म्हटलं नाही. ते फक्त काळजीने विचारायचे, विल बरा आहे ना, त्याची मंडळी कुठे असतात, तो नक्की इकडेच राहणार ना. आमच्या लोकांनी एवढीही तसदी घेतली नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, ज्याला बायको सांभाळता आली नाही तो गाव काय सांभाळणार. खाली सात जणांनी हसणारे चेहरे टाकले. त्यातल्या पाच जणांच्या मुलांचे पासपोर्ट दादांनी काढून दिले होते. मी हसणारा चेहरा टाकला नाही. पण काही लिहिलंही नाही, हेही सांगून टाकते.

दादा मात्र तहान-भूक विसरून कामाला लागले. भेटीगाठी बंद, म्हणून फोन. प्रत्येक सभासदाला तीन-तीन वेळा फोन. ती निळ्या शाईतली वही समोर. कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं का, कुणाच्या छपराचं गळणं थांबलं का, सगळं विचारून मग शेवटी मताचं. वजन उतरलं, दाढी वाढली. झूमवरच्या त्यांच्या भाषणाची मी तालीम घेतली. ते सिग्नलबद्दल, बसथांब्याबद्दल, डॉक्टर मिळत नाही त्याबद्दल इतकं मुद्देसूद बोलले, की मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हा माणूस खरंच निवडून येईल.

मतदान ऑनलाइन होतं. प्रत्येक सभासदाच्या ईमेलवर एक लिंक येणार आणि तिच्यावरून मत द्यायचं.

सोमवारी सकाळी लिंका आल्या. आमच्या बावीसच्या बावीस लिंका एकाच ठिकाणी आल्या, दादांच्या ईमेलवर. संक्रांतीच्या त्या बावीस फॉर्मांवर 'संपर्क' या रकान्यात दादांनी सवयीने काय लिहिलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

एखादा बेरकी माणूस असता तर चहा पीत बावीस मतं देऊन मोकळा झाला असता. थोडा कमी बेरकी असता तर त्याने प्रत्येकाला लिंक गुपचूप पाठवून दिली असती. दादांनी काय केलं, तर मॉरीनला फोन केला. अगदी खुशीत. "मॉरीन, ऑल द लिंक्स हॅव कम टू मी. व्हॉट इज द प्रोसिजर फॉर डिस्ट्रिब्यूशन?" हे त्यांनी मला नंतर स्वतःच सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, ग्रँड, विल, दे पाठवून.

पण मॉरीन सेक्रेटरी होती. तिने मुख्य कार्यालयाला कळवलं. तिथून बावीस फॉर्म बाहेर निघाले. एकच अक्षर, एकच फोन नंबर, एकच ईमेल, प्रत्येक सातला पोटात रेघ. त्यांच्या नियमात लिहिलेलं होतं, सभासदाने अर्ज स्वतः करायचा. शेवटच्या पानावर. दादांनी आयुष्यात तो एकच फॉर्म उलटा वाचला नव्हता. आपल्याच माणसांचा आहे म्हणून.

बुधवारी मला फोन आला. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून काम करत होते. एक तरुण मुलगी, फार नम्र. म्हणाली, तुमच्या सभासदत्वाबद्दल पडताळणी करतोय. हा अर्ज तुम्ही स्वतः भरला होता का?

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? दादा नाही आले. माझा नागरिकत्वाचा अर्ज आला, आणि त्यातली 'चारित्र्य चांगले असणे' ही अट आली. कुठल्यातरी बनावट सभासदांच्या यादीत आपलं नाव, चौकशी, आणि मग इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. मी इंग्रजीत तीन वाक्यं बोलले. नाही, मी तो भरला नाही. मी फक्त सही केली. आणि तिसरं, "आय डोन्ट रिअली नो व्हॉट इट वॉज."

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं खोटं. तिळगूळ तोंडात असताना दादांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं.

बाकीच्यांनीही आपापली कातडी वाचवली. कुणी फोनच उचलला नाही, कुणी नुसतं माहीत नाही म्हणालं, कुणी सही आठवत नाही म्हणालं. दोघांनी दादांना वाचवायला म्हणून सांगितलं, फॉर्म आम्हीच आमच्या हाताने भरला. मग त्यांना विचारलं, तुम्ही सात कसा काढता? त्या दोघांनी दादांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. एकही जण असं म्हणाला नाही की हो, त्यांनी भरला, आमचे सगळे फॉर्म तेच भरतात, आमच्यात तशीच रीत आहे, पण सही माझी आणि मत माझं. एवढं एक वाक्य. बावीस जणांत एकाला सुचलं नाही.

बावीस नावं कापली गेली. मतदान पुढच्या आठवड्यात झालं आणि कोनर सहज निवडला गेला. मॉरीनने दादांना फोन केला तेव्हा ती रडत होती म्हणे. म्हणाली, "विल, लव्ह, आय नो व्हॉट यू आर. बट आय हॅव द पेपर्स इन फ्रंट ऑफ मी." दादा तिलाच समजावत बसले. पुढच्या मंगळवारीही वाणसामान तिच्या पायरीवर होतंच.

मग तो हिवाळा. दादा दिसले तर लांबून दिसायचे. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही, आणि त्यामुळे कुणालाच त्यांच्यासमोर उभं राहता येईना. लोकांनी त्यांना फॉर्मसाठी फोन करणं बंद केलं. आधी वाटलं शरमेने, मग कळलं, भीतीने. त्यांचं अक्षर आपल्या कागदावर नको. शॉनच्या जागी आलेल्या कोनरची पत्रं यायला लागली, छापील आणि गुळगुळीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दादा कधी टेबलाशी बसलेले दिसायचे. समोर कागद नसायचा, नुसते हात टेबलावर. एकदा मी बेल वाजवायला म्हणून गेले आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. कडी लावायला विसरले.

एकवीसच्या वसंतात, जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली त्या दिवसांत, एका रविवारी दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. बाहेर दादा. पाठीवर सॅक, पायाशी एक मोठी बॅग, हातात तपकिरी लिफाफा.

"लेटरकेनीला जाऊन राहिलो," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. "मेधाताई काय म्हणाली?"

"तिच्या घरी नाही. एक खोली पाहिली आहे जवळ. तिनं म्हटलं, आता उशीर झाला, विलास. बरोबर आहे तिचं. पण पोरीची शाळा चालत पंधरा मिनिटांवर आहे. शाळा सुटायच्या वेळेला उभा राहीन. काम घरूनच आहे, ते कुठूनही होते."

मी आत या म्हटलं, ते नको म्हणाले, बस चुकेल. मी तिथेच दारात उभी राहून सांगितलं. सगळं. फोन आला होता, मी काय बोलले, ते तिसरं वाक्य. मला लाज वाटत होती, दादांची नाही, माझी.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मॉरीननं जबाब वाचून दाखवले, नावं न घेता. बाकी पुष्कळ जण 'डोन्ट नो' म्हणाले होते. 'डोन्ट रिअली नो' म्हणणारं पुणेकर एकच." ते हसले, खरं हसले. "बरोबर सांगितलं तू. मीच भरला होता ना."

"तुम्ही रागवा तरी," मी म्हटलं.

त्यांनी लिफाफा माझ्या हातात दिला. माझा नागरिकत्वाचा अर्ज, मी शरद ऋतूत दिलेले सगळे कागद नीट लावून. "पूर्ण भरला आहे, पण पेन्सिलनं. एकदम हलका. तू त्याच्यावरून काळ्या पेननं लिही, तुझ्या अक्षरात. वाळलं की खोडरबर फिरव. माझं काही राहिलं नाही पाहिजे त्यात. आणि शेवटचं पान आधी वाच."

मग बॅग उचलली आणि माझ्या छोट्या बागेतल्या पायवाटेने, हिरवळीला पाय न लावता, ते गेले. बाहेर पडल्यावर बॅग खाली ठेवली, वळले, फाटकाची कडी लावली. आवाज आल्याची खात्री केली. मग बसथांब्याच्या दिशेने चालत गेले, खांद्यात आणखी वाकलेले.

फॉर्म मी त्याच संध्याकाळी उघडला. पेन्सिलीची अक्षरं इतकी पुसट होती की दिव्याखाली धरून वाचावी लागली. नाव, जन्मगाव, पत्ते, वर्षं, सगळं बिनचूक. आणि 'संपर्क' या रकान्यात पहिल्यांदाच माझा नंबर होता. माझ्या नंबरात दोन सात आहेत. दोन्हींच्या पोटात रेघ नव्हती.